जोडीतला दुसरा बैल

पिंपरीच्या नावाचा एक सूक्ष्मजीव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'एचए कंपनी', तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मातीतून वेगळा केला. त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवरचं एक औषध मिळालं. कंपनीच्या नावावरून त्याचं बारसं 'हमायसिन' असं झालं. स्कूटर, टेम्पो आणि ट्रक ही या गावाची ओळख नंतरची. त्याआधी इथे जंतू पाळायचा धंदा चालत होता, आणि चांगला नावारूपाला आला होता.

मला सांगायची आहे तीही गोष्ट जंतूंपाशीच येऊन पोहोचते, पण ती औषधाची नाही. ती दोन जीवनसत्त्वांची आहे, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची. शरीरात ही दोघं एका जुवाला जुंपलेली बैलजोडी आहेत. पहिल्याचा माग मुंबईत, परळला लागला. दुसरं ज्या जंतूच्या पोटात सापडलं, त्या जंतूच्या टाक्या पुढे पिंपरीत उभ्या राहिल्या. आणि जोडीतला एकच बैल पुढे काढला की गाडी कशी वाकडी जाते, हे पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांनी दाखवलं. तीनही ठिकाणं एका दिवसात गाडीने फिरून येण्यासारखी. काळ मात्र लागला सत्तर-ऐंशी वर्षांचा.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्याच वर्षी ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. वय चाळीस. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती शिकली होती, पण त्या काळी केंब्रिज बायकांना शिकू देई आणि पदवी देत नसे. पुढे लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती १९२० मध्ये डॉक्टर झाली. हिंदुस्थानात बाळंतपणात बायका इतक्या का मरतात, याची सरकारी पैशावर एक चौकशी चालू होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फर त्यात होत्या. त्या चौकशीसाठी रक्ताची जाणकार म्हणून विल्स यांना बोलावण्यात आलं. बसायला जागा मिळाली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गव्हर्नरचा जुना बंगला, तिथे प्लेगची लस तयार होई, आणि भोवती सगळं गिरणगाव.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायका पांढऱ्याफटक पडत. धाप लागे, पायांवर सूज येई, आणि बाळंतपण पार पडलं तर नशीब म्हणायचं. रक्त कमी असणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट कधीच नव्हती. नेहमीच्या पंडुरोगात मात्र लोह कमी पडतं आणि तांबड्या पेशी लहान, फिकट होतात. इथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजक्या, पण आकाराने मोठ्या दिसत. युरोपातल्या म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या 'पर्निशस ॲनिमिया' या जीवघेण्या रोगाशी हे चित्र जुळत होतं. पण या बायका तरुण होत्या, आणि त्या रोगाची बाकीची लक्षणं त्यांच्यात नव्हती.

विल्सबाईंनी जे केलं ते आज साधं वाटेल. त्यांनी बायका काय खातात ते विचारलं. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या गिरणीकामगार बायका, चाळींतल्या खोल्या, पडद्यातल्या बायका, असं सगळं त्यात आलं. हा रोग गरीब मुसलमान बायकांत सर्वांत जास्त होता, आणि त्यांच्या ताटात फळं, ताजी भाजी, दूध जवळजवळ नव्हतंच. ज्यांच्या घरी भाजी आणि दूध होतं, त्यांच्यात तो क्वचित आढळे. आपल्याकडे वैद्यकाच्या इतिहासात लशी आणि शस्त्रक्रिया यांचे पोवाडे गातात. 'तू काल काय जेवलीस?' या प्रश्नाचा पोवाडा कुणी केलेला नाही. माझ्या मते परळमध्ये झालेलं सर्वांत मोठं काम या प्रश्नातून निघालं.

मग प्रयोग सुरू झाले आणि उंदरांनी फजिती केली. बायकांच्या आहारासारखा आहार दिल्यावर गाभण उंदीर खरोखरच फिके पडले. शोध लागला असं वाटलं. नंतर कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून एक जंतू पसरत होता आणि पंडुरोग त्याच्यामुळे होत होता. प्रयोगशाळेतल्या उवांनी महिनोन् महिन्यांचं काम पाण्यात घालवलं. विल्सबाई माकडांकडे वळल्या. मुंबईच्या गरीब बाईचं जेवण माकडाला. माकडं आजारी पडली, रक्त तसंच झालं, मोठ्या पेशींचं. वेगवेगळी जीवनसत्त्वं देऊन झाली, गुण येईना. एक माकड फारच खालावलं तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्याला मार्माइट दिलं.

मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीतल्या उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्लंडात १९०२ पासून तो बरणीतून विकला जातो आणि इंग्रज तो पावावर लावून खातात. (ज्यांनी एकदा चाखला आहे ते या माकडाविषयी थोडी सहानुभूती बाळगतील.) माकड उठून बसलं. तोच काळा अर्क मग मुंबईच्या प्रसूतिगृहांतल्या बायकांना दिला, आणि मरणाच्या दारातल्या बायकांच्या रक्तात काही दिवसांत नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. महागड्या कलेजीऐवजी स्वस्तातली बरणी, असा त्यातला व्यवहारी भाग होता. मार्माइटमधला तो अनाम पदार्थ पुढे बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' या नावाने ओळखला गेला.

या गोष्टीचा एक धागा बहुतेक ठिकाणी सुटलेला दिसतो, आणि माझ्या दृष्टीने सगळं महत्त्व त्यालाच आहे. १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना रोज भरपूर कलेजी खायला घालून वाचवलं होतं. तेव्हापासून कलेजीचे अर्क अधिकाधिक शुद्ध होत गेले. विल्सबाईंनी तेही वापरून पाहिले. साध्या, गढूळ अर्काने त्यांच्या रोगी बऱ्या होत. पर्निशस ॲनिमियाला हमखास लागू पडणारा शुद्ध अर्क मात्र इथे फिका पडे. कलेजीत म्हणजे एक नव्हे, दोन वेगळ्या वस्तू असल्या पाहिजेत, आणि दोन्ही रक्त घडवायच्या कामात. १९३७ पर्यंत हे त्यांनी कागदावर मांडलं. दोन्ही वस्तूंना तेव्हा नावही नव्हतं.

पहिलीला नाव मिळालं १९४१ मध्ये. अमेरिकेत टेक्सासला मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक उकळून, गाळून तिचा अंश काढला. पानातून आलं म्हणून 'फॉलिक' ॲसिड. लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ च्या सुमाराला ते प्रयोगशाळेत बनवलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. मुंबईच्या बायकांना वाचवणाऱ्या वस्तूला रूप देणाऱ्या चमूचा म्होरक्या आपल्या शेजारच्या मुलखातला निघावा, हा योग मला आवडतो.

फॉलिक ॲसिड बाजारात आलं आणि डॉक्टरांनी ते पर्निशस ॲनिमियालाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं. पेशी वाढल्या, चेहऱ्यावर रंग आला. आणि त्याच वेळी काही रोग्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, चाल बिघडली. रक्ताचा हिशेब जमेला आणि मज्जातंतूंचा वजाबाकीला. फॉलिक ॲसिडने रोगाची वरची खूण पुसली होती, आतली झीज मात्र चालूच राहिली. जोडीतल्या दुसऱ्या बैलाचं काम पहिल्याच्याने निभत नाही, ही ताकीद १९४७-४८ मध्येच मिळालेली होती. ती पुढे नीट ऐकली गेली नाही.

दुसरा बैल १९४८ च्या वसंतात सापडला. अमेरिकेत मर्क कंपनीत आणि इंग्लंडात ग्लॅक्सोत जवळजवळ एकाच वेळी. ढीगभर कलेजीतून चिमूटभर लाल स्फटिक. त्यात कोबाल्ट हा धातू होता, म्हणून तो रंग. नाव पडलं बी-१२. त्याच्या रेणूची गुंतागुंत डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी १९५६ पर्यंत उलगडली, आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ल्युसी विल्स वारल्या.

मर्कच्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. क्षयावरचं पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतल्या जंतूपासून मिळतं. त्याच जंतूच्या रशात बी-१२ निघालं! कलेजीची गरज संपली. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, कुठलाही प्राणी बनवत नाही, ते काम फक्त सूक्ष्मजीवांचं. गाईच्या पोटातल्या जंतूंना चाऱ्यातून कोबाल्ट मिळतं, ते बी-१२ तयार करतात, गाय ते वापरते आणि थोडं दुधात उतरवते. कलेजीतही ते याच वाटेने जातं. आता तेच काम पोलादी टाकी करू शकत होती.

आणि पोलादी टाक्या पिंपरीत आल्या. त्यामागेही परळचाच एक माणूस होता. हाफकिनचे पहिले भारतीय संचालक १९३२ साली नेमले गेले, त्यांचं नाव साहिबसिंग सोखी. लष्करी वैद्यक खात्यातले, पुढे मेजर जनरल. परदेशी कंपन्यांच्या दयेवर देशाचं औषधपाणी चालू नये, हा त्यांचा ध्यास. जागतिक आरोग्य संघटनेत ते काही वर्षं सहायक महासंचालक होते आणि भारतात पेनिसिलिनचा कारखाना सरकारी मालकीचाच व्हावा यासाठी त्यांनी जोर लावला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. औषधांच्या क्षेत्रातली ही देशातली पहिली सरकारी कंपनी. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात असताना पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानाने आणवावं लागलं होतं. त्याच पुण्याच्या वेशीबाहेर दहा-अकरा वर्षांनी ते टाकीच्या मापाने तयार होत होतं.

तेव्हा पिंपरी म्हणजे माळ आणि वाड्या. एमआयडीसी १९६२ ची, नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. बजाज आणि टेल्को साठच्या दशकातले. एचएचा कारखाना या सगळ्यांच्या आधीचा, आणि त्याची जातच वेगळी. लोखंड कापणाऱ्या कारखान्यात चूक झाली तर एक भाग भंगारात जातो. इथे टाकीतल्या हवेत एखादा परका जंतू शिरला तर दिवसांची मेहनत मोरीत ओतावी लागते. हवा गाळायची, रस उकळून निर्जंतुक करायचा, ढवळत राहायचं, तापमान धरून ठेवायचं, आणि त्या इवल्या जिवाची मर्जी सांभाळायची. दही लावणाऱ्या बाईला हे शास्त्र नवं नाही. मापं तेवढी वेगळी. पुढे इथे मर्कच्या सहकार्याने स्ट्रेप्टोमायसिनही निघू लागलं. म्हणजे ज्या जातीच्या जंतूत मर्कला बी-१२ सापडलं, तोच जंतू पिंपरीत क्षयरोग्यांसाठी पोसला जात होता.

त्या कारखान्याच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. गळ्यात तुळशीची माळ घातलेली घरं या टापूत पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि माळ घातली की मांस-मासे सुटतात. मला त्या व्रताविषयी आदर आहे, आणि व्रतात खोट काढायची नाही. वारकऱ्याच्या ताटात दूध-दही कायम होतं. पण दुभतं जनावर दारात असणं आणि दूध घरच्यांच्या पोटात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर वाढलं तसं दूध पहाटे डेअरीच्या कॅनमधून जाऊ लागलं. घरी चहापुरतं उरलं. गोठ्यातलं बी-१२ पिंपरी-चिंचवडच्या फ्लॅटमध्ये पोहोचलं आणि गोठा झाडणाऱ्या सूनबाईच्या वाट्याला भाकरी, आमटी, मेथी, चवळईची पालेभाजी. म्हणजे फॉलिक ॲसिड भरपूर. दुसरा बैल गोठ्यात होता, पण तिच्या जुवाला जुंपला नव्हता.

याची नोंद व्हायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं.

चाकणहून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टापूत, भीमेच्या काठी वढू बुद्रुक आहे. संभाजीमहाराजांची समाधी म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. त्याच वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकापासून ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच मुलींना शिकवून आरोग्यसेविका केलं. डॉक्टर गाडीतून येतात, फोटो काढतात आणि जातात, असा प्रकार तिथे नव्हता. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक पाहणी सुरू केली. तिचं नाव पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल त्यांच्या जोडीला होत्या.

याज्ञिकांचा मूळ प्रश्न मधुमेहाचा होता. आपल्याकडचा माणूस सडपातळ असूनही, कमी वयात, साखरेच्या आजारात का सापडतो? लंडनचे जॉन युडकिन आणि ते स्वतः यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला आणि गाजला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के. स्वतःच्या पोटाचा असा पुरावा जगासमोर ठेवायला धैर्य लागतं! ही चरबी कुठून येते, याचं उत्तर शोधत ते पाळण्यापर्यंत आणि पाळण्याच्या आधी गर्भापर्यंत गेले.

सहा गावांतल्या लग्न झालेल्या बायकांकडे कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख टिपत. कुणाची पाळी चुकली की त्या दिवसापासून नोंदी सुरू. काय खाल्लं, शेतात किती राबली, पाणी किती लांबून आणलं. विल्सबाईंनी मुंबईत विचारलेला प्रश्न साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा विचारला जात होता, फक्त आता तो मराठीत होता आणि उंबऱ्यावर बसून विचारला जात होता. या बायका सरासरी पाच फुटांच्या, गरोदर होण्याआधीचं वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण मोजपट्टी आणि चिमटे लावल्यावर दिसलं की पुण्याच्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव लहान आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक दिसणारं बाळ आतून जाड. आहारातून दुसरी गोष्ट निघाली, ती आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी २००१ मध्ये मांडली. बाळाचं वजन आई किती कॅलरी आणि प्रथिनं खाते यापेक्षा ती पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाते याच्याशी जास्त जुळत होतं. परळची जुनी ओळ पुन्हा उमटली.

बायकांचं रक्त गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात घेऊन गोठवून ठेवलं होतं. काही वर्षांनी ते वितळवून त्यात बी-१२ आणि फोलेट (फॉलिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) मोजलं, आणि जी आकडेवारी आली ती २००८ मध्ये छापली. साठ टक्क्यांहून अधिक आयांमध्ये बी-१२ कमी. फोलेट कमी असलेली बाई सगळ्यांत मिळून एकच. पालेभाजी होतीच, वर आरोग्य खात्याची लोहाची गोळी, जिच्यात फॉलिक ॲसिड असतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीराला इन्सुलिन सर्वांत कमी जुमानत होतं. मधुमेहाच्या वाटेवरची ती पहिली पायरी. त्याच पाहणीतली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काहींच्या स्मरणशक्तीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेतल्या. आईचं बी-१२ कमी असलेली मुलं त्यात मागे पडली.

असं का व्हावं? पेशींत फोलेट जे रूप धारण करतं, त्यातून त्याला मोकळं करायला बी-१२ लागतं. ते नसेल तर फोलेट अडकून पडतं, होमोसिस्टीन नावाचा घटक रक्तात साठतो, आणि जनुकांना खुणा करायचं काम बिघडतं. एक बैल ताकदीचा, दुसरा मरगळलेला. अशा जोडीने सरळ तास निघत नाही हे चाकणच्या बाजाराला बैल पाहायला जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. पण अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. म्हणून २०१२ मध्ये याज्ञिकांनी पुढचा प्रयोग मांडला. त्याच आयांची मुलं आता सतरा-अठरा वर्षांची होती. त्यांना लग्नाच्या, गरोदरपणाच्या आधीपासूनच रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं, काहींना त्याच्या जोडीला इतर पोषक द्रव्यं, काहींना रिकामी गोळी. त्यांतल्या मुलींची मुलं दोन वर्षांची झाल्यावर २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत बी-१२ मिळालेल्या आयांच्या मुलांचा मेंदूचा विकास काही बाबतींत सरस दिसला. गर्भ राहिल्यावर नव्हे, त्याआधी दिलेली गोळी. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पाच लाखावा भाग.

हे दुखणं खेड्यापुरतं आहे असं शहरी माणसाने समजू नये. २००६ मध्ये याज्ञिकांच्याच गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के! शाकाहार हे एक मोठं कारण, पण एकटं नव्हे. ज्या पट्ट्यात सकाळच्या पाळीला बसने जाणारे हजारो लोक पोळीभाजीच्या डब्यावर दिवस काढतात आणि रात्री चहा-बिस्किटावर जागतात, तिथे हा आकडा वाचून मी दचकलो. पायाला मुंग्या आल्या की आपण म्हणतो, उभं राहून काम केलं ना. थकवा आला की म्हणतो, ओव्हरटाइम झाला. खरंही असेल. पण एकदा रक्त तपासून पाहायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीच्या घरांत दोन-तीन जणांना ही तपासणी केल्यावरच कळलं. दूध, दही, ताक, अंडं यांतलं जे चालत असेल ते रोज पोटात गेलं तर निम्मं काम होतं. उरलेलं डॉक्टरांनी पाहावं.

मधल्या काळात पिंपरी बदलली. चाकणला १९९९ मध्ये बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन, आणि पाठोपाठ साऱ्या जगाच्या गाड्या. जंतू पाळणारा तो जुना कारखाना नव्वदच्या दशकातच आजारी उद्योगांच्या यादीत गेला. आज नव्या पिढीला एचए म्हणजे मैदान आणि बसथांबा. सोखींचा ध्यास कुठे गेला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिताना मी इतका शांत राहणार नाही.

सरकारी पातळीवर दुसऱ्या बैलाची आठवण उशिरा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बी-१२ ची रोजची गरज २०१० मध्ये एक मायक्रोग्रॅम धरली होती. २०२० मध्ये ती २.२ केली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत पोषक द्रव्यं मिसळलेल्या तांदळात आणि कणकेत लोह आणि फॉलिक ॲसिड यांच्या जोडीला बी-१२ आलं, किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. गणित घरी करून पाहा: दिवसाची गरज एकट्या तांदळावर भागवायची तर पावणेदोन ते तीन किलो तांदळाचा भात खावा लागेल.

त्याच २०१८ मध्ये 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रम सुरू झाला. त्यात गरोदर बाईच्या हातावर आशाताई जी लाल गोळी ठेवतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड ठरवलेलं आहे. बी-१२ त्या गोळीत नाही.